भूक कोणाची?

मराठी भाषेंत 'जेवणें' आणि 'जेवूं घालणें' हीं दोन भिन्न क्रियापदें आहेत, आणि 'भरविणें' हें त्यांहून निराळें असें तिसरें आहे. जेवणारा स्वतः जेवतो. जेवूं घालणारा पान मांडतो, वाढतो आणि बाजूस बसतो. भरविणारा मात्र आपला हात दुसऱ्याच्या तोंडापर्यंत नेतो. या तिहींच्या पलीकडे एक चौथें क्रियापद आहे, आणि आपल्या घराविषयीं बोलतांना आपण त्याचा उच्चार सहसा करीत नाहीं. तें क्रियापद म्हणजे 'कोंबणें'. भरविणें कोठें संपतें आणि कोंबणें कोठें सुरू होतें, हा प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरांतला, दुपारच्या गप्पांत निकालांत निघावा असा वाटेल. आमच्या मतें तो नीतिशास्त्रांतील एक अवघड प्रश्न आहे. आणि ज्या घरांत दोन वर्षांचें मूल आहे त्या घरांत तो दिवसांतून तीनदां उपस्थित होतो.

वसई म्हटलें कीं जुन्या माणसांना किल्ला आठवतो, १७३९ सालचा चिमाजीअप्पांचा विजय आठवतो, आणि त्याच्या खालोखाल केळीं आठवतात. आगाशीकडील सुकेळ्यांची चव ज्यांनीं घेतली आहे त्यांना या प्रांताची अधिक ओळख करून देण्याचें कारण नाहीं. आतां वसईपासून विरारपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांस इमारतींची दाटी झाली आहे, २००९ सालीं येथें महानगरपालिका आली, आणि येथील हजारों तरुण जोडपीं सकाळीं मुंबईकडे जाणारी गाडी पकडून दिवस मावळल्यावर परत येतात. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. जातांयेतां तीन तास तरी गाडींत जातात. मूल आजीपाशीं किंवा पाळणाघरांत असतें. आई घरीं येते, हातपाय धुते, आणि वाटींत मऊ भात कालवून बसते. दिवसभर जें देतां आलें नाहीं, तें सारें तिला त्या एका वाटींतून द्यावयाचें असतें. अशा वेळीं मूल तोंड फिरवितें. झिडकारला गेला तो भात. परंतु तिला वाटतें कीं झिडकारली गेली ती आपण.

या एका गैरसमजांतून पुढील सारा संग्राम उभा राहतो. प्रथम चिऊकाऊचे घांस होतात, आणि त्यांत वाईट कांहींच नाहीं. खेळतांखेळतां जेवणें हा बालपणाचा हक्कच आहे. मग गॅलरींतून खालची मांजर दाखविण्यांत येते. मग मोबाइल समोर धरला जातो, आणि चित्रांकडे डोळे लागून तोंड उघडें पडलें कीं त्यांत घांस सारला जातो. मुलाला आपण काय खाल्लें, किती खाल्लें, पोट भरलें कीं नाहीं याचा पत्ता नसतो. (जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं दोन वर्षांच्या आंतील मुलांना पडद्यासमोर बसवूंच नये, पण तें वाचावयास वेळ कोणाला आहे?) मोबाइलनें भागलें नाहीं म्हणजे बागुलबुवा येतो, पोलीस येतो, डॉक्टर सुई घेऊन येतो. आणि शेवटीं सर्वांत वाईट असें वाक्य येतें, "मी जाते हं तुला सोडून." दोन वर्षांच्या जीवाला याहून मोठें भय नाहीं; आणि तें भय आपण त्याला कशासाठीं दाखवितों, तर चार घांस अधिक जावेत म्हणून! ज्या नात्याच्या जोरावर मूल जगांत पाऊल टाकणार तेंच आपण चार घांसांसाठीं पणाला लावतों. हा व्यवहार तोट्याचा आहे, हें सांगावयास पंडित नको.

भुकेविषयीं बोलतांना आपली भाषा मोठी सावध आहे. आपण भूक 'करीत' नाहीं. भूक आपल्याला 'लागते'. तहान लागते, झोप लागते, तशी भूक लागते. ती ज्याची त्याला लागते. दुसऱ्याकरितां ती लावून घेतां येत नाहीं. आईला मुलाचें दुखणें आपल्या अंगावर घ्यावेंसें वाटतें, पण त्याची भूक मात्र तिला आपल्या पोटांत घेतां येत नाहीं. आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. जन्मतः तीन किलो भरलेलें मूल वर्षाचें होतांना सुमारें नऊ किलोंचें होतें. दुसऱ्या वर्षीं मात्र त्यांत दोन-अडीच किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग असा एकदम मंदावल्यावर भूकही मंदावणारच. पहिल्या वाढदिवसानंतर "हा पूर्वीसारखा खात नाहीं" ही जी तक्रार घरोघर ऐकूं येते, तिच्यांतील निम्मी तरी या एका गोष्टीच्या अज्ञानामुळें असते, असा आमचा समज आहे. १९९१ सालीं लिअॅन बर्च या अमेरिकन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दोन ते पांच वर्षांच्या पंधरा मुलांचें खाणें मोजून पाहिलें. एकाच मुलाच्या निरनिराळ्या दिवशींच्या त्याच वेळच्या जेवणांत सरासरी चौतीस टक्क्यांच्या आसपास चढउतार आढळला. परंतु दिवसाच्या एकूण बेरजेंत तो दहा टक्क्यांवर आला. सकाळीं कमी खाल्लें तर दुपारीं, दुपारीं कमी तर रात्रीं, असा हिशेब मूल कोणी न शिकवितां ठेवीत होतें. आई एका वाटीचा हिशेब ठेवते, मूल दिवसाचा ठेवतें. आणि दोघांच्या वह्या जुळत नाहींत म्हणून भांडण होतें.

याहून जुना आणि याहून धाडसी असा एक प्रयोग आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनीं नुकत्याच दूध सुटलेल्या मुलांवर तो केला आणि १९२८ सालीं त्याची पहिली हकीकत प्रसिद्ध केली. पुढें मुलांची संख्या पंधरांपर्यंत गेली आणि कांहीं मुलें चार वर्षांहून अधिक काळ या प्रयोगांत राहिलीं. तबकांत निरनिराळे पदार्थ निरनिराळ्या भांड्यांतून मांडीत, आणि परिचारिका चमचा हातांत धरून स्वस्थ बसे. मुलानें एखाद्या भांड्याकडे हात केला तरच तिनें चमचा भरावयाचा, आणि त्यानें तोंड उघडलें तरच तो आंत घालावयाचा. कौतुक करावयाचें नाहीं, रागेंही भरावयाचें नाहीं. मुलांचीं जेवणें पाहून आहारशास्त्रज्ञांनीं कपाळाला हात लावला असता: सकाळच्या न्याहरीला कोणी फळाच्या रसाबरोबर चक्क यकृत खाई! पण मुलें धडधाकट वाढलीं. एकाला मुडदूस झाला होता. तबकांत माशाच्या तेलाची वाटी होती, तिच्यांतून तो हाडें सुधारेपर्यंत आपखुशीनें पीत राहिला, आणि मग त्यानें ती सोडून दिली.

या प्रयोगाचा आधार घेऊन "मुलाला काय हवें तें त्याला कळतें, त्याच्या मनाप्रमाणें द्या" असें म्हणणारे लोक निघाले. त्यांनीं बाईंचें म्हणणें अर्धेंच ऐकलें होतें. खरी खुबी पदार्थांच्या यादींत आहे, हें त्यांनीं स्वतःच सांगून ठेवलें होतें. त्या तबकांत साखर नव्हती, गोळ्या-बिस्किटें नव्हतीं, डबाबंद असें कांहीं नव्हतें. धान्य, मांस, अंडें, दूध, फळें, भाज्या, एवढेंच होतें. म्हणजे तबकांत काय ठेवावें हें मोठ्यांनीं ठरविलें. त्यांतून काय आणि किती उचलावें हें मुलांनीं. दुकानांतल्या रंगीत पुड्यांची माळ दारावर टांगून "बाळ, तुझी निवड" असें म्हणणें हें स्वातंत्र्य नव्हे, तें आपली जबाबदारी झटकून टाकणें आहे. मोठ्यांचा अधिकार ताटापर्यंत, मुलाचा अधिकार ओठांपासून पुढें: ही सीमा एकदां मान्य केली म्हणजे पुष्कळ वाद आपोआप मिटतात. पुष्कळ, सर्व नव्हेत. जे मिटत नाहींत त्यांकडे पुढें येऊं.

आपल्याकडे आग्रह हा सद्गुण मानिला आहे. पंगतींत वाढणारा आग्रह करतो, जेवणारा पानावर आडवा हात धरतो, तरीही वाढपी एक जिलबी टाकून जातो, आणि दोघेही हंसतात. परंतु या गोड जुलमालाही एक मर्यादा आहे. पाहुण्यानें खरोखरच "पुरे" म्हटलें तर त्याच्या नाकावर हात ठेवून त्याचें तोंड उघडण्याचा प्रयत्न कोणी करीत नाहीं. मूल हात आडवा धरूं शकत नाहीं, म्हणून तें ओठ मिटतें. तोही 'पुरे'च आहे. मग पाहुण्याच्या हाताला जो मान, तो मुलाच्या ओठांना कां नसावा?

जग यापुढेंही गेलें आहे. मतदानाचा हक्क मागणाऱ्या इंग्रज स्त्रियांनीं तुरुंगांत अन्न सोडलें, तेव्हां १९०९ सालापासून त्यांच्या घशांत नळी घालून अन्न ओतण्यांत येऊं लागलें, आणि तें ऐकून सुसंस्कृत माणसें शहारलीं. जागतिक वैद्यक संघटनेनें १९७५ सालीं टोकियो येथें जाहीर केलें कीं, ज्याची विचारशक्ति शाबूत आहे आणि जो परिणाम समजून अन्न नाकारतो, अशा कैद्याला कृत्रिम रीतीनें अन्न देऊं नये. जो हक्क आपण कैद्याला देतों तो आपल्या पोटच्या गोळ्याला देत नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु हें म्हणणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच त्यावर विसंबूं नये. कैद्याला परिणाम समजतो. मुलाला समजत नाहीं. कैद्याच्या नकारामागें विचार असतो, मुलाच्या नकारामागें पोट असतें. किंवा दांत येत असल्याची ठणक असते, झोप असते, नुसती लहरही असते. मुलाचा नकार हा निर्णय नव्हे. मात्र ती खूण आहे. आणि जी खूण आहे ती वाचावयाची असते, मोडून काढावयाची नसते. तापमापकांत पारा चढला म्हणून तो फोडून टाकणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाहीं.

जबरदस्तीनें भरविल्यास अन्न श्वासनलिकेंत जाऊन प्राणावर बेतूं शकतें, हा धोका सर्वांना ठाऊक आहे. हळूहळू होणारी हानि तितकी दिसत नाहीं. ज्या मुलाला रोज पोट भरल्यावरही खावें लागतें, तें आपल्या पोटाचा आवाज ऐकणें सोडून देतें. आपल्याला काय वाटतें हें आपल्यापेक्षां दुसऱ्यालाच अधिक कळतें, असें तें शिकतें. हा धडा पुढें किती ठिकाणीं उपयोगांत येतो, याचा विचार मुलींच्या आईबापांनीं विशेष करावा. आणि लालूच दाखविण्याचाही उपयोग होत नाहीं. एक नवें पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलें, तेव्हां त्यांना पुढें तें पेय पूर्वीपेक्षां कमी आवडूं लागलें, असें याच बर्चबाईंनीं १९८४ सालीं दाखविलें. मुलांचा तर्क बिनतोड आहे: ज्याच्यासाठीं लांच द्यावी लागते तें वाईटच असलें पाहिजे. उलट नवा पदार्थ नुसता समोर येत राहिला, चार वेळां नाकारला तरी पांचव्या, दहाव्या वेळीं गाजावाजा न करतां ताटांत आला, तर पुष्कळ मुलें तो स्वीकारतात. दुधी भोपळ्याच्या बाबतींत मात्र आम्ही कोणालाच वचन देत नाहीं.

आतां जे वाद या सीमेनें मिटत नाहींत त्यांकडे वळूं. कांहीं मुलें खात नाहींत तीं खरोखरच आजारी असतात. कोणाच्या जठरांतलें अन्न वारंवार वर येऊन घसा जळतो, कोणाच्या टाळूंत दोष असतो, कोणी अपुऱ्या दिवसांचें जन्मून आठवडेच्या आठवडे नळीवर वाढलेलें असतें व तोंडानें खाण्याची कला त्याला मागाहून शिकावी लागते. कोणाला रक्तक्षय झालेला असतो, आणि रक्तक्षयानें भूक आणखी मरते. दिवसभर बाटलींतून दूध पीत राहणाऱ्या मुलांत हा प्रकार पुष्कळदां दिसतो, आणि त्यांच्या आया "निदान दूध तरी पितो" म्हणून समाधान मानीत असतात. कांहीं मुलांना पदार्थाचा स्पर्श, वास, रंगसुद्धां असह्य होतो. या टाळण्याला २०१३ सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांनीं आपल्या वर्गीकरणांत स्वतंत्र विकाराचें स्थान दिलें. वजन थांबलें किंवा उतरलें, गिळतांना ठसका लागूं लागला, खातांना मूल कळवळूं लागलें, तर तेथें तत्त्वज्ञान बाजूस ठेवून बालरोगतज्ज्ञाकडे जावें. वाढीचा तक्ता ज्या घरीं नीट भरला जातो तेथें निम्मी भांडणें होत नाहींत, कारण मूल "सुकलें" कीं नाहीं हें मग शेजारीण ठरवीत नाहीं, कांटा ठरवितो.

परंतु या रोगांच्या उपचारांतही एक गोष्ट आमच्या प्रश्नाला धरून आहे. २०१९ सालीं बालरोगतज्ज्ञांनीं व इतर जाणकारांनीं मिळून मुलांच्या आहारविकाराची जी व्याख्या केली, तींत शरीर, पोषण आणि खाण्याचें कौशल्य यांच्या बरोबरीनें चौथें अंग मन व नातें हें धरलें. म्हणजे रोगी एकटें मूल नसतें. जाणते डॉक्टर मुलाला आणि आईला एकत्र बसवून जेवण कसें चालतें तें पाहतात, मगच बोलतात. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन विदुषीनें १९७५ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह एक निबंध लिहिला. त्यांतील एक तरुण आई आपल्या तान्ह्या मुलीचें रडणें जणूं ऐकतच नव्हती. तिला उपदेश करून कांहींच झालें नाहीं. तिच्या स्वतःच्या बालपणींचें, कोणीं न ऐकलेलें रडणें जेव्हां कोणीतरी शांतपणें ऐकून घेतलें, तेव्हां तिनें मुलीला उचलून छातीशीं धरलें. आपल्याकडे ज्या आया घांस कोंबतात त्यांचें कोणीं ऐकलें आहे? लग्नघरीं, हळदीकुंकवाला, जिन्यावर, भेटेल ती बाई म्हणते, "अगं बाई, बाळ किती सुकलंय!" हें वाक्य बाळाविषयीं नसतें. तो आईवरचा ठपका असतो, आणि तो तिच्या मनांत जाऊन बसतो. रात्रीं वाटी घेऊन ती जेव्हां मुलासमोर बसते तेव्हां त्या जिन्यावरच्या बाईला उत्तर देत असते. बापाला हा ठपका कोणी देत नाहीं. त्यानें विरार गाडींतून फोन करून "जेवला का?" एवढें विचारलें म्हणजे त्याचें कर्तव्य संपतें. तो प्रश्नही तिला परीक्षकासारखा ऐकूं येतो.

येथवर आम्हीं ज्या घरांविषयीं लिहिलें त्या घरांत वाटी भरलेली आहे. पण वसई ज्या पालघर जिल्ह्यांत आहे, आणि जो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला, त्याच जिल्ह्यांत जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी हीं नांवें १९९२-९३ सालीं महाराष्ट्राला माहीत झालीं तीं तेथील बालकांच्या मृत्यूंमुळें. आजही दिवाळी झाली कीं तिकडील आदिवासी कुटुंबें कामासाठीं वसई, भिवंडीच्या बाजूला उतरतात. वीटभट्ट्यांवर राहतात, इमारतींच्या पायावर राबतात. तेव्हां ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक मूल मोबाइल पाहत तोंड मिटतें, तिच्या शेजारच्या बांधकामावर वाळूच्या ढिगाशीं दुसरें एक मूल बसलेलें असूं शकतें. आणि हें दुसरें मूल रडत नाहीं. आमच्या सिद्धांताची खरी कसोटी येथें लागते.

कारण अतिशय कुपोषित झालेल्या मुलाची भूक मरते. तें अन्न मागत नाहीं, त्याचा हट्ट सुटतो, तें शहाण्यासारखें निमूट बसतें. आणि न कळणाऱ्याला वाटतें कीं मूल गुणी आहे. "मूल मागेल तेव्हां द्यावें" हा नियम येथें लावला तर तें न मागतांच मरेल. म्हणूनच अशा मुलांच्या उपचारांत प्रथम भुकेची परीक्षा घेतात, विशेष अन्न समोर ठेवून मूल तें खातें कीं नाहीं तें पाहतात. ज्यांची भूक मेलेली आहे त्यांना रुग्णालयांत ठेवून दर दोन तासांनीं, रात्रीं सुद्धां, थोडें थोडें पातळ दुधाचें अन्न देतात. ठरलेल्या मापाच्या ऐशीं टक्क्यांइतकेंही तोंडानें गेलें नाहीं तर नाकांतून नळी घालतात. १९०९ सालच्या नळीनें आपण शहारलों. येथें तीच नळी न घालणें हा अपराध होतो. एकच कृति एका ठिकाणीं जुलूम आणि दुसऱ्या ठिकाणीं दया कशी ठरते? आमचें उत्तर असें आहे कीं, दोन्हीकडे नीति नळींत नाहीं, चमच्यांतही नाहीं. समोरच्या मुलाकडे कोणीं पाहिलें आहे कीं नाहीं यांत ती आहे. पोट भरलेल्या मुलाच्या तोंडांत घांस कोंबणारी आई त्याच्याकडे पाहत नसते, ती वाटीकडे पाहत असते. निमूट बसलेल्या उपाशी मुलाजवळून "किती शांत आहे!" म्हणत जाणारे आपण सारे त्याच्याकडे पाहत नसतों. बळजबरी आणि हयगय हीं दोन टोकें वाटतात. वस्तुतः तीं एकाच आंधळेपणाचीं दोन रूपें आहेत.

हयगयीचा दोष मात्र भट्टीवरच्या आईला देऊन मोकळें होतां येणार नाहीं. तिचा वेळ आणि तिची वाटी या दोन्हींवर तिची सत्ता नाहीं. आणि सुस्थितींतल्या घरांनींही फार फुशारकी मारूं नये: २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकीं शंभरांत सुमारें अकरा मुलांनाच पुरेसा आहार मिळत असल्याचें आढळलें. अकरा या संख्येंत केवळ गरिबी मावत नाहीं. बिस्किटें आणि दूध यांवर वाढणारीं मुलेंही उरलेल्या एकोणनव्वदांत आहेत. काश्यपसंहितेंत सहाव्या महिन्यांत फळाचा प्रारंभ सांगितला आहे, आजचे डॉक्टरही सहा महिने पुरे झाल्यावर वरचें अन्न सुरू करा म्हणतात. वसईसारख्या केळ्यांच्या प्रांतांत तरी उष्टावणानंतर कुस्करलेल्या केळ्याला बाजारी डब्यापुढें हार खावी लागूं नये.

पाहण्याची ही कला शिकविणारीं माणसें याच जिल्ह्यांत होऊन गेलीं, हें सांगितल्यावांचून पुढें जावत नाहीं. ताराबाई मोडकांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत बालशिक्षणाचें काम केलें, आणि १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं खेड्यांतल्या मुलांसाठीं तें सुरू केलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळा मुलांच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा साधा आणि क्रांतिकारक विचार. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी झाला आहे, पण त्याच्या मुळाशीं मुलाला ओढून आपल्याकडे न आणतां आपण मुलापाशीं जाण्याचा हा नम्रपणा आहे. जेवणाच्या बाबतींत तेवढाच नम्रपणा लागतो. मुलाच्या अंगणांत जावयाचें म्हणजे जमिनीवर त्याच्या शेजारीं बसावयाचें, आपणही त्याच वेळीं जेवावयाचें, त्याच्या हाताला भात लागूं द्यावयाचा, अर्ध्या तासानें ताट उचलावयाचें आणि चेहऱ्यावर आठी दिसूं द्यावयाची नाहीं. यांतलें शेवटचें सर्वांत कठीण.

या साऱ्या विवेचनाला घरांतून पहिला विरोध होईल तो आजीकडून. "आम्ही नाही का भरवून भरवून वाढवलं तुम्हांला?" या तिच्या प्रश्नाला हंसून उडवून लावणारे सूनमुलगे आम्हांला आवडत नाहींत. आजीच्या भयाला इतिहास आहे. १९२१ सालीं मुंबई शहराच्या दफ्तरीं, जन्मलेल्या दर हजार मुलांमागें सहाशेंहून अधिक मुलें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद झाली. बाळंतपणें गांवीं होत, जन्म नोंदले जात नसत, त्यामुळें हा आंकडा फुगलेला आहे हें खरें. पण तो निम्मा धरला तरी घरोघर किती पाळणे रिकामे झाले असतील याची कल्पना करावी. आजीच्या आजीनें त्यांतले कित्येक पाहिले. ज्या घरांत मूल टिकेल कीं नाहीं याचीच शाश्वति नव्हती, तेथें पोटांत गेलेला प्रत्येक घांस हा मृत्यूच्या हातून काढून घेतलेला घांस होता. ती सवय लेकीसुनांच्या हातांतून खालीं उतरत आली आहे. दिवस पालटले तरी हात अजून पूर्वींच्याच घाईनें चालतो. आजीला वाढीचा तक्ता वाचून दाखवावा, तिच्या नातवाचें वजन कसें चढत आहे तें दरमहा तिच्याच हातानें कांट्यावर पाहूं द्यावें. ज्या घरीं हें झालें आहे तेथें कांहीं आज्या जेवणाच्या वेळीं भिंतीला टेकून स्वस्थ बसूं लागल्या आहेत, आणि मूल भाताचीं शितें जमिनीवर सांडीत, एक तोंडांत, एक आजीच्या तोंडांत असें करीत आपल्या चालीनें जेवतें.